एकोणतीस नंबरची आयडिया

अरे पोरा,

तुझी फाइल वाचली रात्री बसून. टीव्ही शोच्या सदतीस आयडिया. त्यातल्या वीसेक तर "अमका शो पण गावात" नाहीतर "तमका शो पण सेलिब्रिटींच्या आयांबरोबर" अशा आहेत, त्याचं वाईट वाटून घेऊ नको, पहिला ढीग सगळ्यांचा असाच निघतो, माझा अजूनही निघतो, आणि तो एकदा उपसून टाकला की मगच खालचं काहीतरी हाताला लागतं. तुझं एकोणतीस नंबरला लागलंय. जात्यावरच्या ओव्या. आणि त्यापुढे तूच लिहून ठेवलंयस, "चालणार नाही, डॉक्युमेंटरी वाटेल". कोण म्हणालं रे? मीटिंगमध्येच कोणीतरी बोललं असणार, मला तो आवाजसुद्धा ऐकू येतोय.

डॉक्युमेंटरी वाटतेय कारण तू विषय लिहिलायस, खेळ लिहिलाच नाहीस. होम मिनिस्टर 2004 ला सुरू झालं तेव्हा त्यात होतं काय? भावोजी दारात येणार, वहिनींशी गप्पा, थोडे पोरखेळ आणि शेवटी पैठणी. पैठणी म्हटल्यावर बघणारीला आणखी काही समजवावं लागत नाही. ती मेथी निवडत बसलेली असते, अर्धा वेळ मान खाली, तरी काय पणाला लागलंय ते तिला माहीत असतं. तेवढं जमलं की चॅनलवाले निम्मे खूश. बाकी अर्ध्यात ती मान वर करते का, ते आपलं काम.

आता ओव्या घे. जात्याला दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. म्हणजे जोडी तयारच आहे, आजी आणि नात. आजीने जुनी ओवी द्यायची आणि नातीने त्याच चालीवर आपली नवीन जोडायची, होस्टेलवर, सासूवर, बॉसवर, ज्याच्यावर राग असेल त्याच्यावर. टायमर नको, सुपातले दाणे संपले की वेळ संपली. झाला की खेळ! आणि मटेरियल संपेल याची काळजी करू नको, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्याच लाखाच्या वर आहेत. फक्त त्यातली वापरलीस तर परवानगी घेऊन, आणि कुठल्या गावच्या कुठल्या बाईची ते स्क्रीनवर यायला पाहिजे, यात मी ऐकणार नाही.

मीटिंगमध्ये काय काय सोडायचं ते आधीच ठरवून जा. जज म्हणून मोठा चेहरा पाहिजे? देऊन टाक. एलिमिनेशन? दे. मसालेवाला किंवा पिठाचा ब्रँड स्पॉन्सर म्हणून येईल, त्याचं पाकीट ओट्यावर ठेव, ओट्यावर पाकीट असतंच घरात. पण जातं खरं पाहिजे. आर्टवाले म्हणतील ताई फायबरचं करतो, हलकं पडेल, आज्यांना त्रास नको. नाही म्हण. जात्याची वरची जड पाळू ओढताना जिथे जोर लागतो त्याच्यावरच ओवी बेतलेली असते, दम तिथे घेतला जातो, हलक्या जात्यावर ती बाई नुसतं गाणं म्हणेल. साउंडवाला घरघरीच्या नावाने कटकट करेल, त्याला सांग ती घरघरच तानपुरा आहे, आणि पदराला लावायचा लेपल माइक नको म्हणावं, वाकल्यावर पदर घासतो, वरून दांड्यावरचा बूम माइक टाक.

हे एवढं का सांगतेय तर एकदा मी स्वतः माती खाल्लीय. एका गाण्याच्या शोत होते, नाव जाऊ दे. एका पोरीचे वडील मेकअप रूमच्या बाहेर तिच्या परकराला इस्त्री करत होते आणि लाइट गेली, तर त्या माणसाने स्पॉटदादाकडून तांब्यात उकळतं पाणी मागून घेतलं आणि तांब्याचा बूड परकरावरून फिरवत बसले, शांतपणे, एकेक चुणी धरून. चाळीस सेकंद होती कॅमेऱ्यात. मी एडिटला ती कापली आणि तिथे आईचे ऑडिशनचे अश्रू स्लो मोशनमध्ये टाकले, खाली बासरी. स्लॉटची भीती, दुसरं काय. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले, दर आठवड्याला यायचे तेवढेच. नंतर ते फुटेज शोधायला गेले तर कार्डावर दुसरंच शूट झालेलं.

आणि लोकांना हलकंच लागतं असं कोणी म्हणालं तर लिटिल चॅम्प्सचं नाव काढ, आळंदीची कार्तिकी गायकवाड अभंग-गवळणी म्हणत 2009 ला जिंकली आणि अख्खा महाराष्ट्र जेवण टाकून बघत होता.

शनिवारी ये. प्रेझेंटेशनच्या डेकमधली ती "व्हिजन"ची दोन पानं काढून टाक, कोणी वाचत नाही. आणि यायच्या आधी आजीकडे जाऊन एक पायली खरंच दळून बघ, किती वेळ लागतो, हात कधी भरून येतो, ती कुठे बोलायची थांबते. मोबाइल चालू ठेव पण तिच्या तोंडासमोर नको धरू.

ताई