वाचकांचे प्रश्न : जुनी हार्ड डिस्क आणि तिचं कंट्रोलर कार्ड

प्रश्न : वडिलांची मोंढ्यात आडत होती. १९८९ ला घेतलेला पीसी एक्सटी कॉम्प्युटर अजून घरी हाय, त्यात सीगेटची २० एमबीची एसटी-२२५ हार्ड डिस्क. मागच्या महिन्यात लावून बघितला तर स्क्रीनवर नुसतं १७०१ येऊन थांबायलाय, फ्लॉपीवरून मात्र चालू होतो. मित्रानं जुन्या बाजारातून दुसऱ्या कंपनीचं, डिस्क चालवणारं कंट्रोलर कार्ड आणून बसवलं तरी डिस्क वाचायलीच नाही. आता तो म्हणायलाय की डीबगमधून फॉरमॅट मार, सुरू होईल. वडील आता नाहीत, त्यांनी स्वतः भरलेला हिशोब त्यात हाय, तेवढा निघाला तरी बास झालं.
(एक वाचक, लातूर)

उत्तर : फॉरमॅट मारू नका, हात जोडतो. डीबग हा डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधला प्रोग्राम, त्यात जी=सी८००:५ टाकलं की कार्डावरच्या रॉममधला (कायमचा प्रोग्राम भरलेल्या चिपमधला) लो लेव्हल फॉरमॅट सुरू होतो. डॉसचा फॉरमॅट चुकून मारला तर बहुतेक वेळा डेटा जागेवर सापडतो तरी, पण हा एकेक सेक्टर (डेटाचा छोटा कप्पा) नव्यानं लिहीत जातो, त्यानंतर काही परत मिळत नाही. मी या कामात नवीन होतो तेव्हा बीडच्या एका डॉक्टरांच्या मशीनवर स्वतः हेच केलंय, कार्ड बदललं, डिस्क वाचेना म्हणून फॉरमॅट मारला, आणि पेशंटच्या चार वर्षांच्या नोंदी गेल्या. ते डॉक्टर मला एक शब्द बोलले नाहीत. अजून आठवलं की वाईट वाटतं.

मित्राचा हेतू चांगलाच आहे, पण नंतर आलेल्या आयडीई प्रकारच्या डिस्कचा कंट्रोलर डिस्कलाच चिकटलेला असतो, म्हणून ती उचलून दुसऱ्या मशीनला लावली की चालते, त्याला तीच सवय असणार. एसटी-२२५ तशी नाही. तिच्यात फिरणाऱ्या तबकड्या, वाचणारे-लिहिणारे ४ हेड आणि हेड सरकवणारी स्टेपर मोटर, बाकी वाचलेले सिग्नल ती जसेच्या तसे कार्डाकडे ढकलते. सेक्टर कुठं सुरू होतो, त्याचा नंबर कसा लिहायचा, चूक कशी पकडायची हे सगळं कार्ड ठरवतं आणि प्रत्येक कंपनीच्या कार्डाची पद्धत वेगळी, त्यात आणलेलं कार्ड आरएलएल (डेटा जास्त दाटीनं लिहिणाऱ्या पद्धतीचं) निघालं तर ते एका ट्रॅकवर (तबकडीवरच्या एका गोल रेघेवर) १७ ऐवजी २६ सेक्टर शोधत बसणार. वडिलांचा हिशोब ज्या कार्डानं लिहिला त्याच कार्डानं वाचायचा. जुनं कार्ड असेल तिथून शोधा आणि आजच परत बसवा.

१७०१ चा अर्थ एवढाच की कार्डाला डिस्ककडून नीट उत्तर आलं नाही. डेटा गेला असा नाही. मशीन बंद करून कार्डाचे आणि डिस्कच्या मागचे पितळी काठ साध्या खोडरबरनं हलके पुसा, इतक्या वर्षांत त्यावर काळपट थर बसलेला असतोच. केबल दोन असतात, ३४ पिनची आणि २० पिनची. ३४ वाली फ्लॉपीच्या केबलसारखीच दिसते, पीळ पण असतो, पण पीळ वेगळ्या तारांना असतो म्हणून अदलाबदल झाली असेल तर ती आधी सरळ करा. मग मीटरनं लाल तारेवर ५ आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट येतात का बघा, १२ कमी पडले की डिस्क पूर्ण वेग घेत नाही.

आता आपल्याकडची खास गोष्ट. या डिस्कमधे हेड बरोबर ट्रॅकवर आहे का हे तपासायची सोयच नाही, मोटर मोजून पायऱ्या सरकते आणि थांबते. धातू तापला की पसरतो, गार पडला की आकसतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या तापलेल्या दुकानात लिहिलेला ट्रॅक डिसेंबरच्या सकाळी तिथंच सापडेल असं नाही. म्हणून मशीन लावून अर्धा तास नुसतं फिरू द्या आणि मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा. मी याच उपायानं बऱ्याच डिस्क बोलत्या केल्यात.

डिस्क एकदा वाचायला लागली की बंद करू नका, लगेच हिशोब फ्लॉपीवर घ्या. अख्खी डिस्क भरलेली असेल तर ३६० केबीच्या ६० च्या आसपास फ्लॉप्या लागतील, पण नुसता हिशोब थोडक्यात बसेल. फायलींच्या नावाशेवटी डीबीएफ असेल तर आजच्या लिबरऑफिसमधे त्या उघडतात.

अपग्रेड त्यानंतर. ८ बिट स्लॉटमधे बसणारं, एक्सटीला आयडीई डिस्क जोडून देणारं एक्सटी-आयडीई कार्ड घ्या, त्यावर डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड चालतं. जुन्या कार्डाचा रॉम सी८०० या मेमरीतल्या पत्त्याला असतो म्हणून नव्याचा डी००० ला ठेवा, दोन्ही एकाच पत्त्यावर आले की मशीन अडकतं, आणि मराठीसाठी जिस्ट कार्ड लावलेलं असेल तर तेही तेवढ्यापुरतं काढा. फ्लॅशवर एफडिस्क (डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन पाडणारा डॉसचा प्रोग्राम) करताना जुनं कार्ड आणि डिस्कच्या केबल काढूनच ठेवा, म्हणजे चुकीच्या डिस्कवर हात पडायचा प्रश्नच येत नाही. डॉस ३.३ असेल तर पार्टिशन ३२ एमबीपेक्षा मोठं होत नाही, तुम्हाला तेवढं पुरतं. मग दोन्ही कार्डं लावून डॉसच्या एक्सकॉपी कमांडनं सगळं उतरवून घ्या. मशीन हलवायच्या आधी पार्क प्रोग्राम चालवा, ही डिस्क हेड आपोआप बाजूला घेत नाही.

प्रश्न : ४८६ कॉम्प्युटरला ८ जीबीची डिस्क लावली पण ५०४ एमबीच दिसायलीय, डिस्क खराब हाय का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : डिस्क चांगली आहे. जुना बायोस (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम) १०२४ सिलिंडर (एकावर एक येणाऱ्या ट्रॅकचे गट), १६ हेड आणि ६३ सेक्टरच्या पुढं मोजत नाही, ५१२ बाइटच्या सेक्टरनं गुणलं की बरोबर ५०४ एमबी येतात. नेटवर्क कार्डावर बूट रॉमचा रिकामा सॉकेट असेल तर मोठ्या डिस्क ओळखणाऱ्या एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोसची चिप त्यात बसवा, पूर्ण डिस्क दिसेल. आणि केस उघडलीच आहे तर मदरबोर्डवर निळी किंवा हिरवी गोल बॅटरी आहे का बघा, असली तर आजच कापून काढा, ती गळली की बोर्डावरच्या आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाते.