लिंग की लिंगभाव?

एमए समाजशास्त्र करणाऱ्या एका मुलीने विचारलंय, पेपरात जेंडरला नुसतं 'लिंग' लिहिलं तर चालतं का, कारण लिंगभाव हा शब्द ओढूनताणून केलेला वाटतो आणि सोलापुरात कुणाच्या तोंडी पण नाही.

तोंडी नाही हे खरंय. तरी लिंगभावच लिही.

आपल्याकडे लिंग म्हटलं की एकतर शरीर आठवतं नाहीतर सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी गावाभोवती स्थापन केलेली ६८ लिंगं. संस्कृतात लिंग म्हणजे मुळात खूण, न्याय दर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात तर धूर हे आगीचं लिंग. इंग्रजीतला जेंडरसुद्धा आधी व्याकरणातलाच बरं का, लॅटिन जेनस म्हणजे जात, प्रकार, त्यावरून आलेला. १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी 'जेंडर रोल' म्हटलं, पुढं १९७२ मध्ये समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी सेक्स म्हणजे शरीराचं ते वेगळं नि जेंडर म्हणजे समाजानं ठरवलेलं ते वेगळं असं नीट मांडलं, आणि मग तो समाजशास्त्रात पक्का बसला.

व्याकरणातलं लिंग किती मानलेलं असतं ते बघायला लांब जायला नको, सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, एक चक्कर मार. आमच्या शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या अक्का जन्मभर सोलापुरात, मराठी फाडफाड, पण अजून "सून कामाला गेलं" म्हणतात. आपण हसतो, पण चूक त्यांची नाही, तेलुगूत तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ आला तर 'वच्चाडु', आणि अम्मा आली काय न् बस आली काय, दोन्हीला 'वच्चिंदी'. आता यावरून तेलुगू लोक बाईला वस्तू समजतात असलं काहीतरी पेपरात लिहून येऊ नकोस हां, कारण अनेकवचनात बायका पुरुषांच्याच रांगेत, 'वच्चारु', आणि बस बिचाऱ्या वेगळ्या, 'वच्चाई'. आपण तरी काय, तो दरवाजा आणि ते दार, वस्तू एकच की! आणि घरातलं पोरगं पण 'ते'.

आता लिंगभाव. त्याच गल्लीत दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन बसतात, कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा, हात चालू आणि तोंडही. बिडी बाईनेच वळायची आणि मागावर गड्याने उभं राहायचं, हे काय कुणी जन्मताना बोटांत घेऊन येत नाही, बघून बघून अंगवळणी पडतं. हे सगळं नुसत्या 'लिंग'मध्ये मावत नाही म्हणून पुढं 'भाव' लागतो.

मात्र सगळीकडं भाव चिकटवू नकोस. गर्भलिंगनिदान, लिंगगुणोत्तर इथं शरीराचाच संबंध आहे, तिथं नुसतं लिंगच. वाक्यात "बाईने असं वागावं, गड्याने तसं" हा अर्थ असेल तर लिंगभाव. 'लिंगभावात्मकतेच्या' वगैरे लिहायचा मोह झाला तर सरळ 'जेंडर' लिही, वाचणाऱ्याला लवकर कळेल.