‘कमकुवत हात’ की भिकार पानं?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारलंय: पोकरमधल्या ‘वीक स्टार्टिंग हँड’ला मराठीत ‘सुरुवातीचा कमकुवत हात’ म्हणावं का? मोबाइलवर तसं लिहिलेलं दिसलं, पण कानाला खटकलं म्हणतात.

खटकायलाच हवं. पत्त्यांत ‘हात’ हा शब्द आपण आधीच दुसऱ्या कामाला लावलाय. पाच-तीन-दोन खेळताना तिघांनी एकेक पान टाकलं, की मोठ्या पानाचा किंवा हुकमाचा धनी ती तीन पानं उचलून आपल्यापुढे पालथी ठेवतो. तो झाला एक हात. ‘तुझे किती हात झाले?’ या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच येतं. पोकरमध्ये असे हात होतच नाहीत, त्यामुळे ‘कमकुवत हात’ ऐकून जुना खेळाडू नुसता बघत राहील.

वाटून आलेल्या पत्त्यांना आपण पानं म्हणतो. गणपतीत आरती-भजन आटोपून पडवीत पत्ते पिसले, की पहिल्याच वाटपाला कुणीतरी कुरकुरतो, ‘पानां काय बरी येवक नाय.’ वीक स्टार्टिंग हँड म्हणजे हेच. बोलताना भिकार पानं, लिहिताना हवं तर ‘सुरुवातीची हलकी पानं’. इंग्रजीत एका वाटपापासून निकालापर्यंतच्या खेळालाही हँडच म्हणतात. त्याला आपला ‘डाव’ आहे.

होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला आधी दोनच पानं मिळतात. भरल्या टेबलावर त्यातली सगळ्यात भिकार कोणती, तर वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री. दुर्री-तिर्री नव्हे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. दुर्री-तिर्रीतून, पुढे येणारी पानं जुळली तर, निदान सिक्वेन्स (ओळीने आकड्यांची पानं) लागू शकतो. पाच पानांच्या सिक्वेन्समध्ये दुर्री आणि सत्ती एकत्र बसतच नाहीत. दोघंच खेळत असतील तर मात्र सत्ती नुसत्या मोठेपणावरही बऱ्याचदा तारून नेते, आणि तळाला जाते ती वेगवेगळ्या रंगांची दुर्री-तिर्रीच. उलट टोकाला एक्क्यांची जोडी. ती सरासरी 221 डावांत एकदा येते.

‘रँकिंग’साठी ‘श्रेणी’ वगैरे नको. ‘कशावर काय’ किंवा ‘क्रम’ म्हटलं की पुरे. जोडी, सिक्वेन्स, कलर (सगळी पानं एकाच रंगाची) हे शब्द तीन पत्तीतून आयतेच मिळतात, फक्त तिथला क्रम सोबत आणू नका. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. कारण मोजणीत आहे. तीन पानांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096 प्रकारे जुळतात. पाच पानांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. जे दुर्मीळ ते वरचं. (तीन पत्ती स्वतः हा नियम पुरता पाळत नाही. ट्रेल, म्हणजे एकाच आकड्याची तिन्ही पानं, 52 प्रकारे येते, प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगातला सिक्वेन्स, 48 प्रकारे, तरी मान ट्रेलला!) मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पहिल्यांदा पोकरला बसणारी आपली मंडळी सिक्वेन्स दाखवून हसतात ती याच सवयीने.

आणि हलकं पान म्हणजे लहान आकड्याचं पान, असंही नेहमी नसतं. सावंतवाडीच्या गोल, लाखेच्या चकाकीच्या दशावतारी गंजिफा बघा: दहा अवतारांचे दहा रंग, रंगाला बारा, एकूण 120 पानं. प्रत्येक रंगात राजा आणि त्याचा प्रधान वर. पुढे मात्र निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा, एक्का मोठा आणि दश्शी तळाला. तिथे ‘पानं हलकी आली’ म्हणण्याआधी रंग बघावा लागतो.