वाचकांचे प्रश्न : बावखल, पाणी आणि चर्चची जबाबदारी

प्रश्न : आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती समुदायातील) युवकांनी गावातले बुजत चाललेले एक बावखल येत्या उन्हाळ्यात साफ करायचे ठरवले आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, हे महानगरपालिकेचे काम आहे आणि चर्चने प्रार्थना, संस्कार व गोरगरिबांची मदत एवढ्यापुरतेच पाहावे. पर्यावरण हा खरोखर श्रद्धेचा विषय आहे का? आणि काम करायचेच तर ते कसे करावे?
— एक शिक्षिका, वसई

उत्तर : वसईबाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगितले पाहिजे की, बावखल म्हणजे वाडीत खोदलेले लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना आधार देते. पूर्वी याच पाण्यावर रहाट चालत आणि केळी, पानवेली, फुले व भाजीपाला पिकत असे. समुद्र इतका जवळ असलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तोलून राहिलेले असते. वरून मुरणारे पाणी कमी झाले आणि खालून उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणजे बावखल बुजते तेव्हा केवळ एक डबके नाहीसे होत नाही, तर संपूर्ण आळीच्या पिण्याच्या पाण्याचा आधार जातो.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे वळू. त्यांनी गोरगरिबांची मदत हे चर्चचे काम म्हणून मान्य केले आहे, याचा मला आनंद वाटतो, कारण माझे उत्तर तिथूनच सुरू होते. विहीर खारावली तर ज्याच्याकडे पैसे आहेत तो टँकर मागवतो, घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवतो, फारच झाले तर शहरात राहायला जातो. जिचे पोट रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन लोकल गाठण्यावर आहे, त्या बाईला यांतले काहीच करता येत नाही. तिच्यासाठी पाण्याचा प्रश्न आणि गरिबीचा प्रश्न निराळे नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली काढलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा गाभाही हाच आहे : आपल्यापुढे पर्यावरणाचे एक आणि समाजाचे दुसरे अशी दोन संकटे नाहीत, ते एकच गुंतागुंतीचे संकट आहे.

हा विचार 2015 मध्ये अवतरलेला नाही. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला एदेन बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. राखण हा शब्द वाडीवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही. लेवीय या पुस्तकात तर जमिनीचा नियम आणि गरिबाचा नियम एकमेकांशेजारीच सापडतात. शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि खाली पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावीत, अशी आज्ञा एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, ही पंचविसाव्यात. जमिनीकडून किती घ्यावे यालाही मर्यादा आहे आणि जे घेतले त्यातले आपले किती, यालाही. आपल्या ज्येष्ठांशी वाद घालण्याऐवजी हे दोन अध्याय त्यांच्यासोबत बसून वाचावेत, असे मी सुचवेन.

शिवाय वसईतल्या ज्येष्ठांना वसईचाच इतिहास आठवून द्यावा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस या हरित पट्ट्यातली जमीन बांधकामासाठी खुली होऊ लागली आणि विहिरींतले पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढाकार घेतलेली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादकपद आणि धर्मगुरूची कर्तव्ये सांभाळत ते रस्त्यावर उतरले, धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत, आणि त्यांच्यासोबत सर्व धर्मांची आणि जातींची माणसे चालली. नंदाखाल या वसईतल्याच गावी जन्मलेले हेच फादर जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. चर्चने पाण्याच्या प्रश्नात पडू नये असे वसईत कुणी म्हणत असेल, तर पाण्यासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढलेल्या आपल्याच आईवडिलांना ते विसरले आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. टँकर भरतो तो कुणाच्या तरी विहिरीतूनच, आणि बावखल बुजवून जी जागा विकली जाते तिच्या कागदावर कुणाची तरी सही असतेच. ती सही पुष्कळदा आपल्यापैकीच कुणाची तरी असते. 2018 च्या जुलैमध्ये वसई-विरार कितीतरी दिवस पाण्याखाली होते. ते पाणी मुरायला आणि वाहून जायला जी जागा लागते, ती आपणही थोडीथोडी करून बांधकामाला दिलेली आहे. म्हणून बावखलाचे काम सुरू करण्यापूर्वी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, या सामूहिक चुकीची कबुली द्यावी. त्या कबुलीशिवाय केलेली साफसफाई वरवरचीच राहील.

आता कामाविषयी. आधी सातबारा पाहावा. बावखल बहुधा खाजगी मालकीचे असते आणि वारसांची नावे अनेक असतात, तेव्हा सर्वांची लेखी संमती घ्यावी आणि पुढे ते बुजवले जाणार नाही, असे लिहून घ्यावे. गेल्या वर्षी अशा एका कामावर मी दिवसभर होतो. सकाळी पाणी दिसतच नव्हते, जलपर्णीची हिरवी गादी होती आणि तिच्यावर कुत्रे चालत गेले तरी बुडेल असे वाटत नव्हते. मुलांनी दोर बांधून ती गादी तुकड्यातुकड्याने ओढून काढली. खाली निघाल्या माडाच्या कुजलेल्या झावळ्या, थर्माकोलच्या ताटल्या, हारांसकट फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक शिवणयंत्र. दुपारी गाळ काढताना काठावर बसलेल्या ऐंशीच्या पुढच्या एका मावशींनी सांगितले की, पूर्व कोपऱ्यात दगडी पायरी असली पाहिजे. मुलांनी तिथे खणले आणि पायरी सापडली. तेव्हा आपणही जुन्या माणसांना काठावर नुसते बघायला बसवू नका, त्यांना काय माहीत आहे ते आधी विचारा.

गाळ काढण्याचे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे. प्लास्टिक वेचून काढलेला गाळ वाड्यांना द्यावा, कारण तो उत्तम खत असतो. तळाला किंवा काठाला सिमेंट मुळीच लावू नये. ते दिसायला नीटनेटके असते, पण पाणी मुरणे थांबते आणि बावखलाची हौदासारखी अवस्था होते. शेजारच्या पाच-सहा विहिरींच्या पाण्याचा खारेपणा कामाआधी आणि नंतर प्रत्येक उन्हाळ्यात तपासून नोंद ठेवावी. आणि हे काम एकट्या धर्मग्रामाचे ठेवू नये. ज्या आळीत सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण एकच बोली बोलतात, तिथे बावखलाच्या काठावर निराळे फलक लावण्याचे कारण नाही. महानगरपालिकेकडे अर्जही अवश्य करावा. श्रमदान करणाऱ्याचा नागरिक म्हणून असलेला हक्क त्यामुळे संपत नाही.

प्रश्न : ख्रिस्ती संस्था पर्यावरणाची कामे करतात ती धर्मप्रसारासाठीच, असे आमच्याकडे उघडपणे बोलले जाते. आपले यावर स्पष्ट मत काय?
— एक शेतकरी, संगमनेर तालुका, अहिल्यानगर

उत्तर : आपल्याच तालुक्याचे उदाहरण देतो. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू 1948 साली भारतात आले आणि पुढे नगर जिल्ह्यात रमले. दुष्काळात धान्य वाटून माणूस वाचतो, पण पुढच्या दुष्काळात तोच माणूस त्याच रांगेत उभा राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यातून ते पाणलोटाच्या कामाकडे, म्हणजे डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी अडवून जिरवण्याकडे, वळले. जर्मन सरकारचे अर्थसाहाय्य, नाबार्डची यंत्रणा आणि गावांचे श्रमदान यांची सांगड घालणारा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला, आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था स्थापन केली. 2021 मध्ये त्यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ते पाणलोटाचे जनक म्हणूनच आठवले गेले.

आपल्या तालुक्यातले दरेवाडी याच कामामुळे ओळखले जाते. तिथे पाऊस बेताचा, उन्हाळ्यात टँकर आणि कामाच्या शोधात स्थलांतर, अशी पूर्वीची स्थिती होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले), बांधबंदिस्ती, नालाबांध, झाडांची लागवड, तसेच कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या मार्गाने ते गाव सावरले. या कामात बाप्तिस्म्याची अट कुठे होती? अट होती ती श्रमदानाची आणि ग्रामसभेच्या ठरावाची. धर्मप्रसाराचा संशय घेणाऱ्यांनी दरेवाडीत जाऊन तिथल्या मंदिराच्या ओट्यावर बसलेल्या कुणालाही विचारावे.

तरीही आपला प्रश्न मी झटकणार नाही. मदत घेणाऱ्याच्या गरजेचा फायदा घेऊन श्रद्धा बदलायला लावणे हा त्या गरिबाचाही अपमान आहे आणि श्रद्धेचाही. एखादी संस्था तसे करत असेल तर ती ख्रिस्ती आहे म्हणून मी तिचा बचाव करणार नाही. मला मात्र याहून मोलाचा वाटणारा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या संस्थेला विचारता येतो : या कामाची किंमत कोण मोजतो? चराईबंदीचेच घ्या. माळरान राखले की पाणी विहिरीत उतरते, ते विहीर असलेल्याच्या. ज्याला जमीन नाही आणि ज्याचे घर चार शेळ्यांवर चालते, त्याचे मात्र चरण्याचे रान त्याच दिवशी बंद होते. म्हणून जाणती माणसे रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करतात, कापून नेण्याच्या गवतावर भूमिहीनांचा पहिला हक्क ठेवतात आणि पाणलोट समितीत बायकांना व मेंढपाळांना बसवतात. जिथे हे होत नाही, तिथे डोंगर हिरवा झाला तरी न्याय झाला, असे म्हणता येत नाही.

नगर आणि मराठवाड्यातले पुष्कळ ख्रिस्ती हे दलित समाजांतून आलेले आहेत, त्यांच्याकडे जमीन नाही किंवा असलीच तर माळाची आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा त्यांना मिळत नाही, आणि चर्चमध्येही जात अनेकदा पाठ सोडत नाही. दुष्काळ पडला की ऊसतोडीला जाणाऱ्यांत हीच कुटुंबे असतात. हवामानबदलावर बोलणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती परिषदेत यांचा उल्लेख नसेल, तर ती परिषद अपुरी आहे, असे मी मानतो.

प्रश्न : आम्ही काही मराठी कुटुंबे इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चला जातो. इथे चर्चच्या हीटिंगपासून गुंतवणुकीपर्यंत सगळ्याची चर्चा चालते. पैशाचा आणि श्रद्धेचा इतका संबंध जोडणे योग्य आहे का?
— एक वाचक, लंडन

उत्तर : योग्य आहे, आणि तो जोडायला उशीरच झाला. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने फेब्रुवारी 2020 मध्ये 2030 पर्यंत आपले कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचा ठराव केला. जून 2023 मध्ये चर्चचा निधी सांभाळणाऱ्या आयुक्तांनी शेल आणि बीपीसह मोठ्या तेल कंपन्यांतली गुंतवणूक काढून घेण्याचे जाहीर केले, कारण या कंपन्यांशी वर्षानुवर्षे बोलूनही त्यांचा मार्ग पुरेसा बदलला नव्हता. आधी आत राहून सुनावणे आणि ऐकले नाही तर बाहेर पडणे, हा क्रम मला पटतो. आपल्या चर्चच्या वार्षिक सभेत जुन्या इमारतीचे बिल किती येते आणि ती कशावर तापते, एवढे दोन प्रश्न आपण विचारलेत तरी चर्चेत खरा भाग घेतल्यासारखे होईल.

प्रश्न : 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ सृष्टीसाठी पाळतात, त्याची सुरुवात कुठून झाली? आम्ही काय करावे?
— एका धर्मग्रामाची महिला मंडळी, वसई

उत्तर : 1989 साली ऑर्थोडॉक्स चर्चचे कुलगुरू (पॅट्रिआर्क, म्हणजे प्रमुख धर्माध्यक्ष) पहिले दिमित्रियोस यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. पुढे इतर ख्रिस्ती पंथही त्यात सामील झाले आणि 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिकांसाठीही स्वीकारला. 4 ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण, तिथे हा काळ पुरा होतो.

आपल्याकडे यासाठी नवे काही रचण्याची गरज नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन समाजात, म्हणजे मुंबई-वसई परिसरातल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांत, आगेऱ्याचा सण असतो आणि भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून आशीर्वादित केल्या जातात. हा सण या काळाच्या शेवटाशीच येतो. यंदा सप्टेंबरच्या चार आठवड्यांत महिला मंडळींनी घरोघर जाऊन कोण अजून भात लावते, कुणाचे शेत पडीक आहे, कुणाच्या विहिरीचे पाणी खारे झाले आणि कुणाच्या वाडीत बावखल उरले आहे, याची वही तयार करावी. आगेऱ्याच्या दिवशी ज्या लोंब्या वेदीपाशी ठेवल्या जातात, त्या कुणाच्या शेतातल्या आहेत ते नाव घेऊन सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी ती वही धर्मग्रामाच्या पालकसभेपुढे आणि महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात सादर करावी.