घरी रुग्णाचं करणाऱ्यांसाठी सूचना सोप्या भाषेत कशा लिहाव्यात?

तुम्ही लिहिलंय की नर्सिंगचा कोर्स नुकताच झालाय, पेशंटच्या घरच्यांना आणि अटेंडंटला सूचनांचा कागद लिहून देता, पण त्याप्रमाणे कोणी करतच नाही. मी इंदूरला 14 वर्षं घरोघरी जाऊन हेच काम करते. माझ्याही पहिल्या कागदाची फजितीच झाली होती.

रामबागेतल्या एका आजोबांच्या ऑपरेशननंतर मी लिहिलं, 'हलका आहार द्यावा'. दुसऱ्या दिवशी गेले तर आजोबा पोहे-जिलबी खाऊन बसलेले, पोह्यांवर मूठभर शेव. सूनबाई म्हणाल्या, "अहो, पोह्यांपेक्षा हलकं काय असतं?" इंदुरात यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तेव्हापासून मी 'मऊ भात, मुगाचं वरण, तळलेलं काही नाही' असं लिहिते. 'भरपूर पाणी प्या' तर बंदच केलं. हृदयाच्या किंवा किडनीच्या काही पेशंटना पाणी मोजून द्यावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा घरातल्याच पेल्याच्या हिशोबात लिहायचा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल 'दर दोन तासांनी पोझिशन बदलावी' हे अगदी बरोबर, पण शेवटची कधी बदलली हे कोणाच्या लक्षात राहतं? मी '8 वाजता डावी कूस, 10 वाजता पाठ, 12 वाजता उजवी कूस' असं ओळीने लिहिते, शेजारी टिक करायला जागा ठेवते. खाली: 'माकडहाड, टाचा, घोटे रोज बघा. लाल झालेली जागा दाबून सोडल्यावरही लालच राहिली तर फोन करा.'

आकड्यांत मात्र कंजुषी नको. इन्सुलिनच्या डोसपुढे नुसता इंग्रजी 'यू' घाईत लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि 10 युनिटचे 100 होतात. 'युनिट' पूर्ण लिहा. अर्धी गोळी म्हणजे 'अर्धी गोळी', नुसतं '.5' लिहिलं तर टिंब पुसटलं की पाच.

रोजच्या नोंदवहीत 'पेशंट सहकार्य करत नाही' हे वाक्य मला अजिबात खपत नाही. 'सकाळी 7 ची गोळी थुंकली, कडू लागते म्हणाले' असं लिहिलंत तर रात्रीची ताई काहीतरी उपाय करू शकेल. पहिल्या वाक्यावर ती फक्त वैतागेल.

शब्दांचं म्हणाल तर 'मूत्रविसर्जन' नको, लघवी म्हणा. आमच्याकडे आणखी एक गंमत: घरात मराठी, शाळा हिंदीत. 'अनशापोटी' आजींना कळतं, नातवाला 'खाली पेट'. मी 'सकाळी काही खायच्या आधी' लिहून मोकळी होते.

आणि कागद दिल्यावर 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'रात्री दोन वाजता काय कराल, सांगा बरं' असं विचारा. सांगणारी व्यक्ती जिथे अडखळेल ती ओळ पुन्हा लिहा. मागच्या आठवड्यात एका अटेंडंट ताईने मलाच अडवलं: "पायाखाली उशी लिहिलंय, पण टाच उशीवर की बाहेर?" टाच अधांतरी हवी, उशी पोटरीखाली. मी कागदावरच पाय, उशी आणि टाचेखालची मोकळी जागा काढून दिली. पाय वांगीच झाला होता, पण तिला कळलं.