वैमानिक आणि टॉवर (विमानतळाचा नियंत्रण कक्ष) यांचे रेडिओवरील बोलणे आजही खरखरीत का ऐकू येते?

जळगावच्या विमानतळावर काय किंवा मुंबईत काय, हे बोलणे आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जुन्या एएम पद्धतीने (आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलून) चालते, म्हणून ते मोबाइलपेक्षा खरखरीत वाटते. ही पद्धत टिकण्यामागे सबळ कारण आहे: दोघे एकाच वेळी बोलले, तर एएममध्ये कर्कश शिट्टी वाजते आणि कोणाचा तरी संदेश दबला हे निदान कळते, तर एफएममध्ये (यात लहरीची वारंवारता बदलते) जोरदार संदेश दुबळ्याला पुरता गिळून टाकतो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर अशाच शिट्टीखाली, आपण अजून धावपट्टीवरच आहोत, हा एका विमानाचा इशारा अस्पष्ट झाला आणि दोन विमानांच्या टकरीत ५८३ माणसे गेली. म्हणूनच महत्त्वाची प्रत्येक परवानगी वैमानिकाने जशीच्या तशी उच्चारून दाखवण्याच्या रीडबॅकला इतके महत्त्व आहे. शिवाय या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात: हजार फुटांवरच्या विमानाशी संपर्क सपाट प्रदेशात साधारण ७० किलोमीटरपर्यंतच राहतो, आणि सातपुड्याचा डोंगर आड आला तर त्याहूनही कमी. मात्र खरखर म्हणजे संपर्क तुटणे नव्हे. रेडिओ खरोखर बंद पडल्यास वैमानिक ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाचा संकेतांक कळवणाऱ्या यंत्रावर) ७६०० हा संकेतांक लावतो आणि टॉवर त्याला स्थिर हिरव्या प्रकाशाने उतरण्याची परवानगी देऊ शकतो.