मे महिन्यातला स्वेटर

"ताई, डॉक्टर म्हणतात अशा मुलांचं असंच असतं. मग आम्ही नुसतं बघत बसायचं का?" बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे आईवडील, भावंडं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा या ना त्या शब्दांत हे विचारतातच. मी त्यांना शुभाची गोष्ट सांगते. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत. भावाला विचारलं आहे, शुभालाही.)

शुभा 36 वर्षांची, डाउन सिंड्रोम (जन्मापासूनची गुणसूत्रांतली वेगळी स्थिती) असलेली. धनकवडीला भाऊ-वहिनीकडे राहते. आई होती तोवर रोज बसने कार्यशाळेत जायची, कागदी पिशव्या चिकटवायची, रविवारी आईबरोबर सारसबागेतल्या गणपतीला. डिसेंबरात आई गेली. एप्रिलपर्यंत शुभा अंथरुणाला खिळल्यासारखी झाली. बोलणं तुटक, जेवण निम्मं, पिशव्या बंद. घराजवळच्या डॉक्टरांनी दोनदा पाहिलं आणि आईचा धक्का म्हणून सोडून दिलं. एका ठिकाणी नैराश्याची गोळी मिळाली. दुसरीकडे सांगितलं, डाउन सिंड्रोममध्ये विस्मरण लवकर सुरू होतं, तेच असेल. विस्मरण लवकर येतं हे खरं आहे, पण या सगळ्यात तिचं रक्त एकदाही तपासलं गेलं नव्हतं. भाऊ माझ्याकडे आला तो "तिला दुःखातून बाहेर काढा" म्हणून.

मीही तेच धरून बसले. पहिल्या दोन भेटी आईचे फोटो, आईच्या आठवणी. शुभा नुसती बसून राहायची. तिसऱ्या भेटीला बाहेर 39 अंश तापमान होतं आणि ती स्वेटर घालून आली. आल्या आल्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बंद." इतक्या दिवसांत तिने आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. वहिनीला विचारलं, स्वेटर कधीपासून? "फेब्रुवारीत काढलाच नाही तिने. आणि ताई, जेवण एवढं कमी झालंय तरी बांगड्या हातातून निघत नाहीत." शौचाला चार-चार दिवस होत नव्हतं. आवाज जाड झाला होता. दुःखाने माणसाचं जेवण तुटतं, पण मे महिन्यात थंडी वाजत नाही.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की अशीच थंडी वाजते, अंग सुजतं, पोट साफ होत नाही, आवाज जाडावतो. डाउन सिंड्रोममध्ये ती मंदावण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून थायरॉइडची तपासणी दरवर्षी करावी असं सांगतात. शुभाचा शेवटचा रिपोर्ट सहा वर्षांपूर्वीचा निघाला, आईच्या पिशवीतल्या फाइलमध्ये. नंतर का नाही केली? "सुई बघितली की हातपाय झाडते. डॉक्टरच म्हणाले, जाऊ द्या." हे 'जाऊ द्या' ऐकलं की माझा जीव तुटतो. मुलगी सुईला घाबरते हे तपासणी सोडून देण्याचं कारण कसं होईल?

शरीराचं दुखणं अपंगत्वाच्या खात्यावर टाकण्याला वैद्यकात 'डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग' म्हणतात. गालावर थपडा मारून घेणाऱ्या एका मुलाची शांत राहण्याची गोळी दोनदा वाढवली गेली. दुखत होती दाढ. अशा काही गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, पोट दुखलं की मूल आणखी आक्रस्ताळं होतं आणि डोस पुन्हा वाढतो. म्हणून वागण्यात अचानक बदल दिसला की मी आधी दात, कान, पोट, लघवी, डोळे, थायरॉइड तपासून घ्यायला सांगते. मनाचं काम आपण बरोबरीने करू.

रक्त काढायला आम्ही दहा दिवस घेतले. शुभा लॅबमध्ये दोनदा नुसती जाऊन बसून आली. घरी वहिनीने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून दाखवला, मग शुभाने वहिनीला बांधला. डॉक्टरांना विचारून कोपराच्या आत बधिर करणारं मलम तासभर आधी लावलं. सकाळची पहिली वेळ मागितली. काउंटरवर भावाला थांबा म्हणाले, तेव्हा त्याने आवाज न चढवता सांगितलं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. लगेच आत घेतलं.

टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारा आकडा, साधारण 4-5 च्या आत असावा. तिचा 60 च्या पुढे होता.

डॉक्टरांकडे जाताना भावाने अर्धं पान लिहून नेलं. त्याने आधी लिहिलं होतं "सुस्त झाली आहे". मी ते खोडायला लावलं. सुस्त तर ती मुळातच असेल असं वाचणारा धरून चालतो. त्याजागी आलं: "नोव्हेंबरपर्यंत दिवसाला 40 पिशव्या करायची, आता एकही नाही. पूर्वी दोन पोळ्या, आता एक, तरी वजन वाढलं." नव्या डॉक्टरांनी ते वाचलं, खुर्ची वळवली आणि शुभालाच विचारलं, "शुभाताई, थंडी वाजते?" इतके दिवस सगळे "हिला काय होतंय" असं तिच्या डोक्यावरून विचारत होते. ती म्हणाली, "खूप." डाउन सिंड्रोममध्ये जन्मजात हृदयदोष अनेकांना असतो, म्हणून हृदय तपासून थायरॉइडच्या गोळीची कमी डोसने सुरुवात झाली. सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा अर्ध्या तासाने, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.

इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांना 14 व्या वर्षापासून फॅमिली डॉक्टरकडे दरवर्षी पूर्ण तपासणी मिळते. आपल्याकडे ही आठवण घरच्यांनाच ठेवावी लागते. मी वाढदिवसाचा महिना ठरवून देते. खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाची (अशा व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, वयाची अट नाही. आणि भावाला एक कामही लावून दिलं. 18 वर्षांनंतर आईच्या जागी भाऊ आपोआप कायदेशीर पालक होत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. अर्ज केलेला बरा, उद्या ऑपरेशनच्या कागदावर सही करताना कोणी अडवायला नको.

ऑगस्टमध्ये शुभा पुन्हा कार्यशाळेत जाऊ लागली. सप्टेंबरात एके रात्री भावाचा घाबरून फोन आला. शुभाने कपाटातून आईची साडी काढली होती, मांडीवर घेऊन ती तासभर रडत होती, "आई कधी येणार" विचारत होती. "परत बिघडलं का हो?"

"नाही," मी म्हटलं, "आता ती आईसाठी रडते आहे. तिच्याजवळ बसा. उद्या दोघं या."